क्रोनोग्राफ कोणता घ्यायचा? जळगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये वापरून बघितलेलं सांगतो

राम राम मंडळी. एअर रायफल, एअर पिस्तूल मारणाऱ्या पोरांचे पालक हल्ली एकच विचारतात, "भाऊ, क्रोनो कोणता घेऊ?" क्रोनो म्हणजे क्रोनोग्राफ, बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजणारं यंत्र. ऑनलाइन बघितलं की तीन-चार हजारापासून पन्नास हजारांच्या वरपर्यंत यंत्रं दिसतात, सगळ्यांवर लिहिलेलं एकच की वेग मोजतो, आणि माणूस तिथेच गोंधळतो. म्हणून निकाल आधी सांगून टाकतो. चार-पाच घरं मिळून किंवा क्लबतर्फे घेणार असाल तर रडारवाला घ्या, आम्ही गार्मिनचा झेरो सी१ प्रो वापरतो आणि मी तोच सुचवीन. एकट्याने घ्यायचाय, बंदूक फक्त एअरगन आहे आणि खिसा बेताचा आहे तर नळीसारखा इन्फ्रारेडवाला घ्या. आणि वर काड्या आणि पांढरे पडदे असलेला उघडा ऑप्टिकल क्रोनो शेडमध्ये मारणाऱ्याने घेऊ नये, तो मैदानावरच्या माणसासाठी आहे. असं का म्हणतोय ते आता सविस्तर.

पण आधी, दहा मीटरवर मारायला वेग मोजायची गरज काय, हे विचारणारे बरेच आहेत. हिशोब करून बघा. मॅच एअर रायफलचा पेलेट, म्हणजे शिशाचा छोटा छर्रा, ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला साधारण १७४ मीटर म्हणजे ५७० फूट. दहा मीटर जायला त्याला एका सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो १७-१८ मिलिमीटर खाली येतो. वेग १ टक्का कमी झाला तर हे खाली येणं साधारण २ टक्क्याने वाढतं, म्हणजे पेलेट ०.३५ मिलिमीटर खाली लागतो. ऐकायला काहीच नाही ना? पण एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपकाच मुळात अर्ध्या मिलिमीटरचा आहे, आणि २०१३ पासून क्वालिफिकेशनमध्येही दशांश गुण धरतात, १०.९ पर्यंत. एका दशांशाला पाव मिलिमीटर. म्हणजे पोरगी अगदी बरोबर सोडते, श्वास बरोबर, ट्रिगर बरोबर, आणि बंदूक गुपचूप तिचा एक-दीड दशांश खाते, आणि आपण पोरीला म्हणतो लक्ष नाही तुझं. ६० शॉटची मॅच असते, असे दशांश गोळा झाले की नंबर कुठल्या कुठे जातो. मला हे फार लागतं मनाला. लेकराची चूक नसताना लेकरावर ओरडणं थांबावं एवढ्यासाठी तरी प्रत्येक क्लबात एक क्रोनो पाहिजे असं माझं मत आहे.

नेटवर क्रोनोग्राफचे जे रिव्ह्यू आहेत ते नव्वद टक्के अमेरिकेतल्या हँडलोड करणाऱ्यांचे आहेत, म्हणजे स्वतः काडतूस भरणारे लोक. केस (पितळी खोळ), प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर, बुलेट सगळं वेगळं विकत घ्यायचं आणि आपल्या रायफलला मानवेल तसं काडतूस घरी तयार करायचं. आपल्याकडे लायसनशिवाय दारूगोळा बनवणं आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे ते रिव्ह्यू वाचताना हे डोक्यात ठेवा, तिकडची गरज वेगळी आणि आपली वेगळी. अमळनेरचा माझा एक मित्र टेक्सासला असतो, तो ६.५ क्रीडमूर नावाचं रायफलचं काडतूस स्वतः भरतो, त्याच्याशी बोलून मला या यंत्रांचं बरंच कळलं. तिकडे क्रोनो ही पहिली सेफ्टी आहे. त्याचं म्हणणं असं, की काडतूस भरायच्या मॅन्युअलमध्ये कमाल पावडरच्या समोर जो वेग छापलेला आहे तो वेग तुझ्या तेवढ्याच लांबीच्या बॅरलमधून कमी पावडरवरच मिळायला लागला तर खुश होऊ नको, तिथेच थांब, कारण जास्तीचा वेग जास्तीच्या प्रेशरशिवाय येत नाही. आणि नवीन बॅरल असेल तर पहिल्या शे-दोनशे राउंडमध्ये वेग आपोआप थोडा वाढतो, म्हणून नवीन बॅरलवर ठरवलेला लोड, म्हणजे पावडर-बुलेटचा मेळ, नंतर परत मोजावा लागतो. हे सगळं क्रोनोशिवाय दिसणारच नाही.

त्याच मित्राने आधी बॅरलला पट्ट्याने बांधायचा चुंबकीय क्रोनो वापरला होता, मॅग्नेटोस्पीड नावाचा. बॅरलच्या तोंडापुढे एक पट्टी येते, बुलेट तिच्यावरून गेली की सेन्सरला कळतं. उजेड-अंधार कशाचाच त्रास नाही, आकडे चांगले. पण बॅरलला वजन लटकवलं की बॅरलची थरथर बदलते आणि गोळ्या दुसरीकडे जायला लागतात, म्हणजे वेग आणि ग्रुप (कागदावर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) एकाच वेळी तपासता येत नाहीत, त्याला राउंड दुप्पट लागायचे. आपल्यासाठी तर हा प्रकार बादच समजा, शिशाच्या हलक्या पेलेटसाठी तो मुळात बनवलेलाच नाही, वरच्या मॉडेलला एअरगनसाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो.

आता ऑप्टिकल. हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त विकला गेलेला प्रकार, प्रोक्रोनो, काल्डवेल, सीईडी ही त्यातली माहितीची नावं. दोन सेन्सर ठराविक अंतरावर आकाशाकडे तोंड करून बसवलेले, पेलेटची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद, अंतर भागिले वेळ, झाला वेग. तत्त्व एकदम सोपं आणि किंमतही आवाक्यातली. भानगड सगळी उजेडाची.

आमची रेंज म्हणजे एमआयडीसीकडची पत्र्याची शेड आहे, मध्ये दोन प्लास्टिकचे पत्रे उजेडासाठी टाकलेत आणि बाकी एलईडी ट्यूब. या शेडमध्ये ऑप्टिकल क्रोनोने आम्हाला जो छळ केला तो सांगायलाच पाहिजे. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी ही आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला दिसत नाही पण सेन्सरला दिसतं, आणि त्याचं कामच उजेडातला फरक ओळखणं आहे, त्यामुळे कधी पेलेट न मारताच आकडा येतो, कधी मारून पण एरर येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी आकडा येतो पण चुकीचा, आणि तो चुकीचा आहे हे कळायला मार्ग नाही. साधा पिवळा फिलामेंटचा बल्ब लावला की बरंच सुधारतं, कारण तार गरम असते ती लगेच विझत नाही, पण आता तो बल्ब शोधायला फुले मार्केट पालथं घालावं लागतं. दुसरा उपाय म्हणजे कंपनीचा इन्फ्रारेड एलईडीचा किट, तो लावला की बाहेरच्या उजेडाशी संबंध राहत नाही, पण तो किट धरून जी किंमत होते तिच्यात अजून थोडे टाकले तर दुसरे पर्याय उघडे होतात.

बाहेर उन्हात न्यायचा तर आपलं ऊन कसलं आहे ते सांगायला नको. डोक्यावरचं थेट ऊन सेन्सरमध्ये पडलं की पेलेटची सावली त्याला दिसत नाही, म्हणून वरचे पांढरे पडदे लावायलाच लागतात, आणि वाऱ्याने ते हलले की परत गडबड. ढगाळ दिवशी, पावसाळ्यात उघडीप असताना, हेच यंत्र एकदम छान चालतं, पडदेही लागत नाहीत. संध्याकाळी साडेसहानंतर परत उजेड कमी म्हणून बंद. मे महिन्यात तर एलसीडी तापून पूर्ण काळी पडते, यंत्र सावलीत नेऊन गार केलं की मग आकडे दिसतात.

अचूकतेचं पण समजून घ्या. सेन्सरमधलं अंतर १ फूट असेल आणि एका सेन्सरने पेलेट इंचाच्या सोळाव्या भागाइतका उशिरा पकडला तर अर्ध्या टक्क्याची चूक झाली, म्हणजे ५७० ला ३ फूट. ऐकायला हे काही नाही, पण आपण जो दीड दशांश शोधतोय तो १ टक्क्याचा खेळ आहे, अर्धा टक्का यंत्रानेच खाल्ला तर उरलं काय. म्हणून ऑप्टिकल घ्यायचाच असेल तर सेन्सरमधलं अंतर जास्त असलेला घ्या, २ फूट किंवा त्याहून जास्त, चूक त्या प्रमाणात कमी होते. दुमडणारा असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण उघडलाय का बघा, बिजागरी थोडी दुमडलेली राहिली की खरं अंतर कमी होतं आणि वेग जास्त दाखवतो. बंदूक तिरकी धरून मारलं तरी फरक पडतो, ५ अंश तिरकं म्हणजे जवळपास ०.४ टक्के. पीसीपी रायफल (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) असेल तर तोंडातून निघणारी हवा पण सेन्सरला फसवते म्हणून मीटरभर लांब ठेवा. आणि लहान पोरांच्या हातात देणार असाल तर वरच्या काड्यांना पेलेट लागणार हे धरूनच चाला.

इतकं सगळं ऐकून कुणाला वाटेल ऑप्टिकल टाकाऊ आहे, तसं नाहीये. शेतात, बांधावर, मोकळ्या जागेत भरपूर वेळ असलेल्या माणसाने सावकाश मांडून, दर वेळी अंतर आणि रेषा तपासून वापरला तर तो इमानदार आकडा देतो. क्लबात, जिथे एकामागे एक आठ पोरं लाइनीत उभी आहेत, तिथे त्याच्या मागे धावत बसायला कोच मोकळा नसतो.

दुसरा प्रकार नळीचा. एक्सकॉर्टेक, एसटेक या तैवानच्या कंपन्यांचे मिळतात, बनवलेत खरं तर एअरसॉफ्टच्या खेळण्यातल्या बंदुकांसाठी. आत इन्फ्रारेडचे दोन पडदे, पेलेट आतून जातो, बाहेर उजेड असो अंधार असो काही फरक नाही. पेलेटचं वजन टाकलं की ज्यूल, म्हणजे पेलेटची ऊर्जा, पण दाखवतो. सेन्सरमधलं अंतर फार कमी असतं त्यामुळे आकड्यावर आंधळा विश्वास नको, पण एकाच यंत्रावर आजचा आकडा आणि मागच्या महिन्याचा आकडा ताडून बघायला पुरेसा आहे, आणि घरच्या एका बंदुकीची तब्येत बघायला तेवढंच लागतं. दोन गोष्टी सांभाळा. पेलेट नळीच्या बरोबर मधून गेला पाहिजे, म्हणून बंदूक आणि नळी दोन्ही टेकवूनच मारा, हातात धरून कधीच नाही. आणि मागे नीट बॅकस्टॉप (पेलेट अडवणारा आडोसा) आणि डोळ्याला चष्मा, कारण पेलेट आत घासला तर कुठेही उडू शकतो. बिननावाचे अजून स्वस्त चायनीज पण मिळतात, त्यातला एक ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवला होता, एकाच रायफलला सकाळ-दुपार ३० फुटांचा फरक दाखवायचा, परत घ्यायला विक्रेता तयार नाही. बिल आणि वॉरंटी नसलेलं मोजमापाचं यंत्र घेऊ नका, साधा तराजू घेताना पण आपण शिक्का बघतोच ना.

मोबाइलचे फुकट ॲप पण आहेत, बंदुकीचा आवाज आणि टार्गेटवर लागल्याचा आवाज यातला वेळ मोजून वेग काढतात. ते दहा मीटरचा सरासरी वेग देतात, तोंडावरचा नाही, आणि शेडमध्ये आवाज घुमतो. गंमत म्हणून ठीक.

आता रडार. भुसावळ स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा हॉर्न जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येतो, तेच तत्त्व रेडिओ लहरींवर. यंत्र लहरी सोडतं, पळणाऱ्या पेलेटवरून आपटून त्या वेगळ्या फ्रीक्वेन्सीने परत येतात, त्या फरकावरून वेग. २४ गिगाहर्ट्झच्या रडारला १७४ मीटर वेगाच्या पेलेटवर साधारण २८ किलोहर्ट्झचा फरक दिसतो, आणि फ्रीक्वेन्सी मोजणं हे इलेक्ट्रॉनिक्सचं अगदी हातखंडा काम असल्यामुळे अचूकता सहज मिळते. पहिल्यांदा नाव झालं ते लॅबरडारचं, मोठं नारिंगी पाटीसारखं यंत्र, पेलेट पुढे जाताना वेग कसा घटतो तेही दाखवतं, पण एअरगनचा आवाज लहान असल्यामुळे ट्रिगर होण्यासाठी वेगळा माइक लावायची झंझट आणि बॅटरी खूप खातं. २०२३ मध्ये गार्मिनने झेरो सी१ प्रो आणला आणि चित्रच बदललं. तळहातावर मावतो, बंदुकीच्या बाजूला ५ ते १५ इंचांवर छोट्या ट्रायपॉडवर ठेवायचा, पुढे काही मांडायचं नाही, काही बांधायचं नाही. सेकंदाला १०० ते ५००० फूट वेग मोजतो, म्हणजे एअर पिस्तुलापासून मोठ्या रायफलपर्यंत सगळं आलं, धनुष्यबाणाचा पण मोजतो. कंपनी अचूकता ०.१ टक्का सांगते, आपल्या ५७० ला अर्धा फूट. बॅटरी आतच आहे, सहा तास किंवा दोन हजार शॉटपर्यंत जाते असं कंपनीचं म्हणणं, टाइप-सी चार्जर. बाजारात आला तेव्हा अमेरिकेत किंमत ६०० डॉलर होती, आपल्याकडे येईपर्यंत कस्टम धरून किती होतात ते ज्याच्याकडून घ्याल त्याला नीट विचारा. ॲथलॉनचा रेंजक्राफ्ट त्यानंतर आला, तो स्वस्त पडतो आणि काम तेच. फक्त एअरगनसाठी स्वीडनच्या एफएक्सचा पॉकेट क्रोनोग्राफ पण आहे, छोटा रडार, आकडा मोबाइलवर येतो, किंमत गार्मिनच्या निम्म्याहून कमी. ज्यांच्याकडे कधीच .२२ (काडतुसाची छोटी रायफल) येणार नाही त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आमच्या शेडमध्ये रडारने काय बदललं सांगू का? पोराला कळतच नाही की मोजमाप चालू आहे. तो नेहमीच्या जागी, नेहमीच्या पोझिशनमध्ये, नेहमीच्या टार्गेटवर मारतो, यंत्र बाजूला गप पडलंय, आणि शेवटी प्रत्येक शॉटचा वेग आणि प्रत्येक शॉटचा गुण शेजारी शेजारी मांडता येतो. पेलेटचं वजन टाकलं की ऊर्जा पण निघते. ऑप्टिकलला हे जमतच नाही, तिथे मुलगा काड्यांच्या मधून मारायचं टेन्शन घेऊन मारतो. त्रास एवढाच की शेजारच्या लेनचा शॉट कधी कधी पकडतो, म्हणून मोजताना शेजारची लेन रिकामी ठेवतो. आणि उन्हाळ्यात बंद कारमध्ये ठेवायचं नाही, आत लिथियम बॅटरी आहे आणि आपल्याकडे ४४-४५ डिग्री बाहेरच असतं.

यंत्र कुठलंही घ्या, पण शॉट किती मारून मत बनवता हे यंत्रापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि याच्यावर मी थोडा जास्त बोलणार. आमच्या रेंजवर वरणगावच्या आयुधनिर्माणीतून रिटायर झालेले एक काका येतात. आपल्या भुसावळशेजारच्या त्या फॅक्टरीत छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात, आता ती म्युनिशन्स इंडियाखाली आली. त्यांच्यासमोर कुणी तीन शॉट मारून "हा पेलेट भारी" म्हणालं की ते लगेच, "भो, तीन गोळीवर काय समजस? धा मार, मंग बोल." आणि गणित त्यांच्याच बाजूने आहे.

यंत्र दोन आकडे देतं. एक एक्स्ट्रीम स्प्रेड, म्हणजे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगातला फरक, आणि दुसरा एसडी म्हणजे प्रमाण विचलन, शॉटचे वेग सरासरीपासून साधारण किती लांब पडतात ते. लोक पहिल्यावर भांडतात कारण तो समजायला सोपा, पण तो शॉट वाढले की वाढतच जातो. सारख्याच बंदुकीचा ५ शॉटचा स्प्रेड सरासरीने एसडीच्या २.३ पट येतो, १० शॉटचा ३.१ पट, २० शॉटचा ३.७ पट. म्हणजे एकाने ५ मारून स्प्रेड ७ सांगितला आणि दुसऱ्याने २० मारून ११ सांगितला तर दोघांच्या बंदुका अगदी सारख्या असू शकतात. एसडीचं पण तसंच, १० शॉटवर ३ फूट एसडी आला तर खरा एसडी २ पासून साडेपाचपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून ३ आणि ४ च्या फरकावर पेलेटचा ब्रँड बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले, जेएसबी, चिनी क्यूवायएस, हे डबे आम्ही २०-२० शॉटच्या दोन सिरीज वेगवेगळ्या दिवशी मारून ताडतो, आणि शेवटी निर्णय कागदावरच्या ग्रुपवरून घेतो, वेगावरून नाही. एकसारखा वेग असलेला पेलेट आपल्या बॅरलमध्ये चांगला ग्रुप देईलच असं नाही. टेक्सासचा मित्र पण हेच म्हणतो, तिकडे एक-एक राउंड वेगवेगळ्या पावडरचा मारून वेगाच्या आलेखात सपाट जागा, म्हणजे पावडर बदलली तरी वेग न बदलणारी जागा, शोधायची फॅशन आहे, आणि तेच परत मारलं की ती सपाट जागा दुसरीकडेच निघते.

मग क्रोनोचा खरा उपयोग कशाला? बंदुकीची तब्येत बघायला. पीसीपी मॅच रायफलमध्ये सिलिंडरचं २०० बारचं प्रेशर रेग्युलेटर खाली आणून दर शॉटला सारखी हवा देतो. नवीन रायफल आली की भरलेल्या सिलिंडरपासून सुरू करून वेग पडेपर्यंत सलग मोजा आणि वहीत लिहा. बराच वेळ वेग एका पट्ट्यात राहतो आणि मग एका ठिकाणापासून दर शॉटला घसरायला लागतो, तिथे गेज किती दाखवतंय ते लिहून ठेवा, मॅचमध्ये त्याच्या बऱ्याच वर असताना भरायचं. रेग्युलेटर नसलेली साधी पीसीपी असेल तर वेग आधी चढतो मग उतरतो, मधला सपाट भाग शोधा आणि तेवढ्याच प्रेशरला भरा, पूर्ण भरण्यात काही शहाणपण नाही.

यातला सगळ्यात उपयोगी प्रयोग रात्रीचा. रायफल रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी पहिला शॉट मोजा. पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा चांगलाच जास्त आला आणि दुसऱ्या-तिसऱ्यापासून जागेवर आला तर रेग्युलेटर झिरपतोय, म्हणजे आतलं प्रेशर हळूहळू वाढत राहतं. अशी रायफल घेऊन पोरगा मॅचमध्ये दोन शॉटमध्ये जरा जास्त थांबला की पुढचा शॉट वर जातो, आणि त्याला वाटतं आपण घाबरलो. आमच्याकडे एका मुलीचं नेमकं हेच निघालं, रेग्युलेटरचे सील बदलले आणि तिची पहिल्या शॉटची भीतीच गेली. सिलिंडरवरची तारीख पण बघत जा, मॅच बंदुकांचे सिलिंडर कंपन्या १० वर्षांनंतर वापरू नका म्हणतात.

स्प्रिंगच्या ब्रेक-बॅरल (बॅरल वाकवून भरायच्या) बंदुकीत १५-२० फुटांचा फरक धरूनच चाला, तेल जास्त झालं की ते पेटून एखादा शॉट एकदम वर जातो. सीओटू (कार्बन डायऑक्साइडवर चालणारं) पिस्तूल तर उन्हाळ्यात मोजूच नका, सीओटूचं क्रिटिकल तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो द्रव राहतच नाही ते, ३१ डिग्री आहे आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पहाटे सोडली तर त्याच्या वरच असतं, त्यामुळे दुपारचा आणि डिसेंबरातला आकडा एकमेकांशी जुळणारच नाही.

कायद्यासाठी पण क्रोनो कामाचा. ०.१७७ इंच बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन बिनलायसन चालते, त्यावर गेली की लायसन लागतं. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटला २० ज्यूल म्हणजे सेकंदाला २७५ मीटर, ९०० फूट. ०.६७ ग्रॅमच्या जड पेलेटला २४४ मीटर, ८०० फूट. पीसीपीमध्ये पेलेट जड केला की ऊर्जा बहुतेक वाढते, म्हणून हलक्या पेलेटवर मोजून "बसतंय" म्हणू नका, सगळ्यात जड पेलेट मारून बघा. मॅच रायफलवाल्यांना ही काळजी नाही, त्या ८ ज्यूलच्या आसपास असतात.

ज्यांची पोरं पुढे बालेवाडीला .२२ मारायला जातात त्यांना रडारचा अजून एक फायदा. ५० मीटरच्या दहाचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा आणि मॅच काडतुसाचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो, तिथे लॉट निवडताना कागदाबरोबर वेगाचा आकडा असला की बोलणं नेमकं होतं. एकच यंत्र दोन्हीकडे चालतं म्हणून पण मी क्लबाला रडारकडे ढकलतो.

घ्यायची पद्धत सांगतो. आम्ही पालकांनी वर्गणी काढून घेतला, क्लबच्या नावाने जीएसटी बिल घेतलं. परदेशातून कुणी येणार म्हणून मागवायचा मोह होतो पण वॉरंटीला परत तिकडेच पाठवावा लागेल हे धरा, आणि रडार म्हणजे रेडिओ लहरी सोडणारं यंत्र, कस्टममध्ये पार्सल अडकलं तर कागद दाखवावे लागतात, म्हणून इथल्या नोंदणीकृत विक्रेत्याचा थोडा जास्त भाव परवडतो. एका जबाबदार माणसाकडे ठेवा, नेणाऱ्याची सही घ्या, आणि प्रत्येक बंदुकीची एक वही करा: तारीख, तापमान, पेलेटचा डबा, सिलिंडरचं प्रेशर, २० शॉटची सरासरी आणि एसडी. महिन्यातून एकदा प्रत्येक रायफलची अशी नोंद झाली की सील कधी जाणार ते स्पर्धेच्या आधीच दिसायला लागतं. धुळे, नंदुरबारकडच्या ज्या क्लबांना यंत्र घेण्याआधी आपल्या रायफली मोजून बघायच्यात त्यांनी रविवारी सकाळी दहाच्या आत आमच्या शेडवर यावं, भरलेले सिलिंडर आणि आपला नेहमीचा पेलेट घेऊन.